कानाला न टोचणारे स्पीकर शोधताना: माझा अनुभव

आमच्या घरात गाणं रोज लागतं आणि बराच वेळ चालतं. सकाळी आईचे अभंग, रात्री जेवणं आटोपली की माझा एखादा ख्याल. जुन्या स्पीकरवर मात्र अर्धा तास झाला की हात आवाज कमी करायला जायचा. आवाज काही फार मोठा नसायचा, तरी आई म्हणायची, "बारीक कर गं बाई, पेटी कानात टोचायलीय."

तिचं म्हणणं अगदी खरं होतं. आपला कान साधारण २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो. पेटीची धार, गाणाऱ्याच्या आवाजातला कडकपणा याच पट्ट्यात असतो. इथे स्पीकर जरा चढा असला की दुकानात दहा मिनिटं आवाज स्वच्छ, उठावदार वाटतो आणि घरी तासाभरात डोकं जड होतं. माझ्या स्पीकरचा ट्वीटर, म्हणजे वरचे बारीक आवाज वाजवणारा छोटा भाग, धातूच्या डोमचा (घुमटीसारख्या पडद्याचा) होता. धातूचा डोम म्हणजे कर्कश असा काही नियम नाही, नीट बनवलेले फार गोड वाजतात. हा तसा नव्हता. अ‍ॅम्प्लिफायरवरचा ट्रेबल कमी करून पाहिला, तर टाळ पार मंदावले आणि पेटीची धार जवळजवळ तशीच राहिली. त्या बटणाचा खरा जोर बहुतेक वेळा आणखी वरच्या पट्ट्यावर असतो.

नवीन काही घेण्याआधी खोलीकडे बघायचं ठरवलं. जुळे सोलापुरातला आमचा फ्लॅट म्हणजे गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशी, एक मोकळी भिंत आणि समोर सरकती काच. टाळी वाजवली की मागून झणझण यायची. सोलापुरात राहून चादरींना काय तोटा! दोन जाड चादरी एकावर एक घेऊन, चुण्या पाडून पडद्याच्या दांडीवर टांगल्या, तेही भिंतीपासून वीतभर पुढे. भिंतीला चिकटवल्या तर उपयोग कमी, मागे हवा असली की त्या जास्त आवाज शोषतात. खर्जाच्या आवाजाला चादर काही करत नाही, फक्त वरचा आवाज आवरते, आणि आम्हाला तेवढंच हवं होतं. खाली जाड सतरंजी टाकली. टोचणं बरंच कमी झालं. कुणी स्पीकर बदलायचे म्हणालं तर मी आधी हेच करायला सांगते.

उरलेलं काम स्पीकरचं होतं. इथल्या दुकानांत साउंडबार आणि होम थिएटरच जास्त मांडलेले, म्हणून हुतात्मा एक्स्प्रेसने पुणं गाठलं. दुकानदार आपल्या पसंतीची गाणी लावतात आणि त्यावर कुठलाही स्पीकर छान वाजतो. मी पेन ड्राइव्हवर माझंच नेलं होतं: भीमसेनजींचा विलंबित ख्याल, किशोरीताईंचं गाणं, आईचे टाळ-पेटीवाले अभंग आणि नुसता तानपुरा.

सगळ्यात जास्त शिकवलं ते तानपुऱ्याने. आवाज उबदार हवा म्हटलं की दुकानदार वरचा भाग दाबलेला, खाली फुगलेला स्पीकर पुढे करतात. त्यावर पेटी टोचत नाही हे खरं, पण तानपुऱ्याची जवारीही जाते. तारेच्या झंकारातून एकामागून एक उलगडत जाणारे ते स्वर नाहीसे होतात आणि नुसता गुंजारव उरतो. डग्गा तर असा घुमतो की त्यावर तळहात घासून काढलेला घिस्सा कुठे सुरू झाला आणि कुठे संपला तेच कळत नाही. उलट चढ्या स्पीकरवर जवारी तारेच्या खरखरीसारखी येते. मला हवा होता तो जवारी पूर्ण उलगडणारा आणि तरी पेटीला धार न लावणारा स्पीकर.

तुलना करताना दोन्ही जोड्यांचा आवाज सारखा ठेवायला सांगायचं, हे फार महत्त्वाचं. किंचित मोठा वाजणारा स्पीकर नेहमीच चांगला वाटतो. मी मोबाइलवरच्या डेसिबल मीटरने तपासत होते. दुकानदार भला माणूस, त्याने एसी बंद करून शांतपणे ऐकू दिलं.

ऐकता ऐकता मन इंग्रजी घराण्याच्या स्पीकरकडे वळलं. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस३/५ए नावाचा छोटा मॉनिटर, म्हणजे काम करताना आवाज पारखायचा स्पीकर, घडवला. माणसाचा आवाज माणसासारखा वाटावा हा त्यांचा आग्रह होता. त्यांच्यातलेच डडली हारवूड यांनी १९७७ मध्ये हार्बेथ ही स्पीकरची कंपनी सुरू केली. हार्बेथवर किशोरीताई ऐकल्या आणि गळा दाटून आला, पण किंमत आमच्या आवाक्यात नव्हती. शेवटी व्हार्फडेलची डायमंड मालिकेतली साडेसहा इंची वूफरची (खालचे आवाज वाजवणाऱ्या मोठ्या भागाची), कापडी डोमची जोडी घेतली. १९३२ साली गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी यॉर्कशायरमध्ये सुरू केलेली ही कंपनी. जवारी ऐकू येते, डग्गा आवरलेला आहे, आणि अख्खा अभंगसंच संपला तरी उठून आवाज कमी करावासा वाटत नाही.

घरी आणल्यावर मांडणीत बराच वेळ गेला. आम्ही खाली बैठकीवर बसतो, त्यामुळे विकतचे दोन फुटी स्टँड उंच पडले असते. ट्वीटर कानाच्या उंचीला हवा. ओळखीच्या वेल्डरकडून चौकोनी पाइपचे बुटके स्टँड करून घेतले आणि आवाज घुमू नये म्हणून पाइपांत कोरडी वाळू भरली. स्पीकर भिंतीपासून दीड फूट पुढे घेतले, तेव्हा खर्ज मोकळा झाला. तोंडं थेट कानाकडे वळवली की वरचा भाग जरा जास्त येतो. मी ती जवळजवळ सरळच ठेवली आहेत. आमच्या उन्हाळ्यात पंखा पाचवर असतो, त्याच्या घरघरीवर मात करायला आवाज वाढवावाच लागतो, आणि कर्कशपणा खरा तेव्हाच उघडा पडतो. मे महिन्यातल्या दुपारीही आई आता तक्रार करत नाही.

अ‍ॅम्प्लिफायर जुनाच, चाळीस वॅटचा ठेवला. या स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक वॅटला तो किती मोठा वाजतो ते माप, ८८ डेसिबलच्या आसपास आहे, म्हणजे घरच्या आवाजाला एरवी दोन-चार वॅटच खर्ची पडतात. नव्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी बाजूला काढलेल्या पैशांत तिसरी चादर आणि समोरच्या काचेला जाड पडदा आला.