खिळ्यानं नाही, टायर मी मारला

मागच्या महिन्यात एका टायरपायी अख्खा आठवडा गेला. तेवढ्यात जेवढे सल्ले मिळाले तेवढे लग्न ठरवताना पण मिळाले नव्हते, म्हटलं लिहूनच टाकू.

आष्ट्याला मावसभावाकडं बारसं होतं. सगळं उरकून, जेवून, पाहुण्यांशी दारात उभं राहून परत तासभर बोलून निघेपर्यंत रात्रीचे साडेदहा. गाडी आपली २०१६ ची स्विफ्ट, मागं आई-पप्पा, पुढं बायको आणि तिच्या मांडीवर झोपलेली पोरगी. कारखाने चालू असले की सांगली-आष्टा रस्त्यावर रात्री काय असतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर, मागं धड लाईट नाही, पुढं मात्र टेप असा लावलेला की डिग्रजपर्यंत ऐकू जावा. तुंग गावातच गाडी डावीकडं ओढायला लागली. मला वाटलं रस्ता. तुंग मागं पडलं आणि फदफद आवाज सुरू झाला, बायको म्हणाली अहो कसला तरी आवाज येतोय, मी म्हटलं रस्ताच तसा आहे. (नवरे असंच म्हणतात.) मग कळलं की पंक्चर आहे, पण दोन्ही बाजूला ऊस, काळाकुट्ट अंधार, गाडी उतरवायला जागा नाही आणि मागून ट्रॅक्टरची रांग. पप्पा मागून म्हणाले, "हितं थांबू नको, दिवे दिसले की थांब." तसाच हळूहळू कसबे डिग्रजपर्यंत आलो, तीनेक किलोमीटर असेल.

दिव्याखाली स्टेपनी बदलली. स्टेपनीत पण हवा जेमतेम, कारण ती २०१६ पासून डिकीत नुसती झोपलेली, तिची विचारपूस कोण करतंय. जाता जाता सांगतो, स्टेपनी हा शब्द आपण इतका आपला करून टाकलाय पण तो आला वेल्समधल्या लनेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून. १९०४ च्या सुमारास, गाड्यांबरोबर जादा चाक मिळायचंच नाही तेव्हा, तिथल्या डेव्हिस बंधूंनी जादा चाक बनवून विकायला काढलं. इंग्रज आता त्याला नुसतं स्पेअर व्हील म्हणतो, नाव सांभाळलंय ते आपल्याकडच्या पंक्चरवाल्यांनी.

तर सकाळी चाक घेऊन सांगलीत विश्रामबागला आमच्या नेहमीच्या पंक्चरवाल्या मामांकडं गेलो, पप्पा पण सोबत. खिळा डोळ्यालाच दिसत होता, नक्षीच्या अगदी मधल्या पट्ट्यात. मामांनी पक्कडीनं ओढून काढला आणि पप्पांनी तो त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतला. चौकोनी, आखूड, चपट्या डोक्याचा खिळा, डोकं एका बाजूनं घासून चकाकणारं. "हा पत्रीचा खिळा हाय," पप्पा म्हणाले. शहरातल्या लोकांसाठी सांगतो, बैलाच्या खुराला डांबरीवर झीज होऊ नये म्हणून लोखंडी पत्री मारतात, खूर दुभंगलेला असल्यामुळं एका पायाला दोन, म्हणजे एका बैलाला आठ आणि जोडीला सोळा. हंगामात ऊसतोडीच्या अड्ड्यावरच्या बैलगाड्या कारखान्याच्या फेऱ्या मारतात, पत्री ढिली झाली की खिळा रस्त्यावर. आमच्या आजोबांच्या बैलांना पत्र्या मारताना लहानपणी दोर धरायचं काम पप्पांकडं असायचं, त्यामुळं पुढची दहा मिनिटं पंक्चर राहिलं बाजूला आणि बैल कसा पाडायचा यावर चर्चा. मामा पण तल्लीन.

मग मामांनी विचारलं, "किती लांब आणलासा असा?"

"जास्त नाही ओ, किलोमीटरभर." कुणी किती घेतली विचारल्यावर माणूस जसं सांगतो तसं सांगितलं.

मामा काही बोलले नाहीत. वरून टोच्या घालून चिकट दोरी खुपसून पाच मिनिटात मोकळं करतात तसं न करता त्यांनी टायर रिमवरून उतरवला, आत हात फिरवला आणि तळवा माझ्यासमोर धरला. मशेरी. अगदी मशेरीसारखी काळी भुकटी, आणि नुसती बोटाला लागलेली नाही, चिमटीत येईल एवढी. मग मोबाईलची बॅटरी लावून आत दाखवलं, साईडच्या आतल्या अंगाला गोल फिरलेला एक खरबरीत पट्टा, एका जागी तर रबर सोलून आतल्या दोऱ्या दिसायला लागलेल्या. बाहेरून बघाल तर काही नाही, थोडं घासल्यासारखं, बस्स.

गाडीचं वजन रबर नाही उचलत, आतली हवा उचलते. हवा गेली की रिम सगळं वजन घेऊन साईडवर बसतं, चाक प्रत्येक फेऱ्याला ती साईड दुमडतं आणि उलगडतं, तापतं, आतलं रबर आतल्या आतच घासून भुकटी होतं आणि दोऱ्या तुटायला लागतात. परत हवा भरली की टायर गप्प उभा राहतो, काहीच झालं नाही असं वाटतं, आणि मग कधीतरी हायवेला, उन्हाचं, भरल्या गाडीत, साईडला फुगा येतो नाहीतर एकदम फुटतो.

"भोक काय न्हाई ओ," मामा म्हणाले, "मदी हाय, बारीक हाय, साईडला असतं तर हातच लावला नसता, ह्ये आतनं मशरूम (छत्रीसारखा रबरी प्लग) लावून दोन वर्सं चाललं असतं. पर तुम्ही टायर चालवून मारलाय. मला काय, काढून देतो म्हनलं तर पैसे मिळत्यात की, पर बायकापोरं बसत्यात तुमची."

माझा निर्णय खरं तर तिथंच झाला. ज्या माणसाचं पोट पंक्चरवर चालतं तो पंक्चर काढू नका म्हणतोय. पण पप्पा तयार नव्हते. त्यांचं म्हणणं, नक्षी अजून निम्मी आहे, चांगला टायर टाकून द्यायचा म्हणजे काय, आतनं मोठा पॅच मारा. मामा म्हणाले पॅच भोकाला असतो मालक, तुटलेल्या दोऱ्यांना पॅच नसतो. आणि माझं पंक्चरशी वाकडं नाही हे पण सांगतो. ह्याच गाडीच्या दुसऱ्या टायरला २०२२ ला साधी दोरीवाली वात मारली होती, ती काढून आतनं नीट करायची तेवढ्यापुरतीच असते असं टायरवाले सांगतात आणि ते बरोबरच आहे, पण आळसानं ती तशीच राहिली आणि अजून हवा धरून आहे. भोक मधल्या पट्ट्यात, सहा मिलीमीटरपेक्षा लहान, आणि गाडी लगेच थांबवलेली, एवढं असेल तर नवीन टायरचं नावच काढू नये.

दुपारी टायरच्या दुकानात गेलो. एसी, सोफा, चहा. पोरानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "चारी टाका साहेब, अलाइनमेंट फ्री." मी म्हटलं गेज आण. बाकीच्या टायरची नक्षी चार मिलीमीटर भरली. नक्षीच्या खाचेत तळाला छोटे आडवे उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला म्हणजे १.६ मिलीमीटर राहिला, तेव्हा तो गोटा समजायचा. चार म्हणजे अजून बराच आहे की. मग एक टाकायचा का दोन? एकाच धुरीला एक नवा आणि एक निम्मा झिजलेला ठेवला तर ओल्या रस्त्यावर ब्रेक दोन्हीकडं सारखा लागत नाही, म्हणून दोन. ती नवीन जोडी पोरगा पुढं लावायला निघाला, कारण "स्टेअरिंग पुढं असतंय ना". मी मागं लावायला लावली. पुढचं चाक पावसात घसरलं तर हाताला कळतं, आपोआप पाय सुटतो, मागचं घसरलं तर गाडी फिरते आणि माझ्यासारख्याला ती आवरता येत नाही. पोरगा माझ्याकडं असा बघत होता की यूट्यूब बघून आलेलं गिऱ्हाईक आलंय. आलोच होतो.

साईडवरचं पण वाचून घेतलं, १६५/८० आर १४ आणि पुढं ८५ टी. ८५ म्हणजे एका टायरनं ५१५ किलो पेलायचं, टी म्हणजे ताशी १९० पर्यंत चालेल. आष्टा रस्त्यावर १९० म्हणजे विनोदच. आणि टायर कधी बनला ते सांगणारे शेवटचे चार आकडे, आधीचे दोन आठवडा, नंतरचे दोन साल. नवीन घेताना हे बघाच, दुकानात वर्ष-दोन वर्ष पडून राहिलेला माल पण काळाकुळकुळीत चमकतो.

ह्या आकड्यांवरून संध्याकाळी घरात दुसरा राउंड झाला. पप्पा म्हणाले दोन कशाला घेतलास, स्टेपनी नवीकोरी आहे, तीच लावायची. मी त्यांना गॅलरीत नेऊन दाखवलं, ०८१६. २०१६ सालचा आठवा आठवडा. त्या रात्रीपर्यंत एक किलोमीटर न पळता म्हातारा झालेला, साईडवर केसासारख्या बारीक चिरा. रबर चालवलं नाही म्हणून टिकतं असं नाही. पप्पा चष्मा लावून बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, "नक्षी तर सगळी आहे की." आता उरलेल्यातला एक बरा टायर स्टेपनीला गेलाय आणि ती जुनी गॅलरीतच आहे, भंगारवाला आला की पप्पा त्याला दारातूनच परत पाठवतात. मेलेला टायर मामांनी ठेवून घेतला, माझ्यासमोर साईड कापून टाकली, म्हणाले नाहीतर कुणीतरी पंक्चर काढून विकंल.

दोन टायरचे नऊ हजार दोनशे गेले. बायकोनं हिशोब ऐकला आणि विचारलं, मग त्या रात्री तिथंच थांबायला हवं होतं का? मी खूप विचार केला. नाही. उसाच्या ट्रॅक्टरपुढं, अंधारात, पोरीला घेऊन रस्त्यात उभं राहायचं आणि जॅक लावायचा, त्यापेक्षा टायर मेलेला बरा. परत तसं झालं तर परत डिग्रजपर्यंतच आणीन. फक्त गाडी ओढायला लागली तेव्हा तुंगातच, दिवे होते तिथं, उतरून एकदा बघितलं असतं तर दोनशे रुपयात भागलं असतं, तेवढं मात्र मी तिला सांगितलं नाही.

आता डिकीत बारा व्होल्टचा हवेचा पंप घेऊन ठेवलाय. अजूनपर्यंत त्यानं फक्त शेजाऱ्यांच्या ॲक्टिव्हात हवा भरलीय. आणि पत्रीचा खिळा पप्पांच्या टेबलावर पेनाच्या डब्यात आहे, येईल त्याला काढून दाखवतात, टायरचं कुणी विचारत नाही, बैलांचंच बोलणं निघतं.