किल्ल्या मागणारा नवरा

माळ्यावर वर्षानुवर्षं धूळ खात पडलेली बाजाची पेटी एखाद्या नातेवाइकानं "आम्ही नेऊ का?" म्हणून मागितली, की घरातल्या प्रत्येकाला ती एकदम हवीशी होते. रवींद्रनाथांच्या 'मानभंजन' कथेतला गोपीनाथ शील हा असाच माणूस. फक्त इथे पेटीच्या जागी बायको आहे.

कथा 1895 ची, कलकत्त्यातली. घराच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर गिरिबाला राहते. रूप ओसंडून जातंय, पण बघायला कुणी नाही. नवरा लवंग नावाच्या नटीपायी थिएटरात पडीक. सोबतीला सुधो ही दासी. ती गाते, नाचते, मालकिणीच्या रूपाची तारीफ करते. पगारी का होईना, तारीफच ती.

ही लवंग आहे तरी कोण, हे बघायला गिरिबाला चोरून थिएटरात जाते. जाते मत्सरापोटी आणि रमते नाटकात! दिवे, गाणी, हजार डोळे एका बाईवर खिळलेले. कथेची खरी कळ मला इथेच वाटते. सवतीचा हेवा करता करता तिला सवतीची जागा आवडून जाते.

मग ती चांदणी रात्र. गिरिबाला नटूनथटून बसलेली, आणि गोपीनाथ येतो तो किल्ल्या मागायला. ती म्हणते, किल्ल्याच काय, सगळं देते, पण आजची रात्र जाऊ नका. तो तिच्या अंगावरचे दागिने ओरबाडून काढतो, लाथ मारतो आणि निघून जातो. घरात कुणाची झोपसुद्धा मोडत नाही. चार ओळींचा मामला, पण दर वेळी वाचताना हात शिवशिवतात.

पुढे तो लवंगला घेऊन पसार होतो आणि थिएटरला नवी नायिका मिळते. बंगाली रंगभूमीवर 1873 पासून बायका काम करत होत्या, म्हणून तर हे घडू शकलं. आपल्याकडे किर्लोस्कर नाटक मंडळीत शकुंतला व्हायचे ते भाऊराव कोल्हटकर!

नव्या नटीचा बोलबाला ऐकून गोपीनाथही बघायला येतो. शेवटच्या अंकात नववधूचा पदर वर होतो आणि "गिरिबाला!" म्हणून हा रंगमंचाकडे धावत सुटतो. घरात फुकट दिसणारं तोंड हजार लोकांनी तिकीट काढून पाहिलं, तेव्हा कुठे याला ते आपलं वाटलं. प्रेक्षक ओरडतात, पोलीस त्याला ओढून बाहेर काढतात आणि नाटक पुढे चालू राहतं. हे वाचताना मी चक्क टाळी वाजवते.

चुटपूट लागते ती लवंगची. तिचं पुढे काय झालं, हे कुणी विचारतच नाही. गिरिबालेनंही नाही.