बेदाण्यांचा हिशेब

परवा पौर्णिमेच्या पूजेनंतर मी आईच्या हातातून प्रसादाची वाटी हिसकावून घेतली, तेव्हापासून माझे मन ठिकाणावर नाही. आमच्या कुत्र्याला, खंडूला, एक घास भरवून झाला होता, दुसरा तिच्या तुपाळ बोटांवर होता, आणि ती बोटे तशीच अधांतरी राहिलेली असताना मी म्हणाले, "आई, तू मारशील त्याला एक दिवस."

डॉक्टरांनी ताबडतोब आणायला सांगितले, कारण पहिल्या दोनेक तासांत उलटी करवता आली तर बेदाण्यांचे विष अंगात भिनण्याआधी बरेचसे बाहेर पडते. इंजेक्शननंतर थोड्याच वेळात स्टीलच्या ट्रेमध्ये दुधात फुगलेले, जवळजवळ अख्खे तीन बेदाणे आणि तुळशीचे एक पान पडले. घासात किती होते, हे आईला आठवेना. यात सुरक्षित मात्रा अशी सांगताच येत नाही. एखाद्या कुत्र्याला मूठभर पचतात, तर एखाद्याची मूत्रपिंडे थोडक्यानेही एक ते तीन दिवसांत निकामी होतात. काल रक्त तपासले, उद्या पुन्हा क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते सांगणारा रक्तातला घटक, पाहायचे आहे. तोवर त्याने पाणी किती प्यायले आणि लघवी किती वेळा केली, ते लिहून ठेवायचे.

काल रात्री त्याच्याजवळ जमिनीवर पडल्या पडल्या मला माझीच कीव येत होती. कुंपणाची कण्हेर मी उपटली, जिन्यातली डिफेनबाकियाची विषारी शोभेची कुंडी हलवली, कपाटातल्या डांबरगोळ्या टाकून दिल्या. माळ्यावरचे उंदराचे औषध, ज्याने रक्त गोठेनासे होते पण दोन-चार दिवस जनावर धडधाकट दिसते, तेही मीच शोधून काढले. एवढे सगळे एकटीने सांभाळायचे आणि घरच्यांनीच प्रेमाने विष भरवायचे, असे काहीसे मनात घोळत होते. दादाचा फोनही मी घेतला नाही.

मध्यरात्री पाण्यासाठी उठले आणि फ्रिजवर चिकटवलेला माझाच कागद वाचला. चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षे. बेदाणे त्यात नव्हतेच. रिक्षात आई हळूच म्हणाली होती, "द्राक्षं कुठे दिली गं मी?" ती मला सबब वाटली होती. तो कागद लागल्यापासून तिने त्याला कांद्याचे थालीपीठ एकदाही दिलेले नाही, त्याचा वरणभात ती फोडणीआधी वेगळा काढते. तिने कागद अक्षरशः पाळला होता. शिवाय जेवणाआधी गाईचा आणि कुत्र्याचा घास काढणाऱ्या घरात ती वाढली. देवाचा प्रसाद त्याला न देणे हेच तिला चुकीचे वाटले असणार. आणि तासगावचे ते बेदाणे मीच तर आणले होते.

सकाळी मी त्या कागदावर मनुका आणि बेदाणे लिहिले, आणि त्याखाली चिंच. द्राक्षांतल्या टार्टारिक आम्लामुळे हे घडत असावे, असे 2021 मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी मांडले, आणि ते आम्ल चिंचेतही भरपूर असते. ओट्यावर आमटीसाठी चिंच भिजत होती. आईने काही न बोलता वाटीवर झाकण ठेवले आणि ती वरच्या फळीवर सरकवली. तिच्या त्या हाताकडे मला पाहवेना.

माफी मागायची राहिली आहे. वाक्य तीनदा ओठांवर आले आणि तीनही वेळा मी चहाबद्दल काहीतरी विचारले.

आत्ता ती खंडूला अंगणातून घेऊन आली आणि दारातूनच म्हणाली, "लिही, पावणेपाच. चांगली भरपूर केलीय."