शिकागोचा दक्षिण भाग आणि थॉमस डॉर्सी यांचा पियानो

शिकागोच्या ग्रीन लाइन या शहरी रेल्वेने पस्तिसाव्या रस्त्याच्या स्थानकावर उतरून ईशान्येकडे थोडे चालले की, इंडियाना अव्हेन्यू आणि तेहतिसावा रस्ता जिथे मिळतात तिथे पोलादी टेकूंवर तोललेल्या, छप्पर नसलेल्या चुनखडीच्या भिंती दिसतात. हे पिलग्रिम बाप्टिस्ट चर्च. छताची दुरुस्ती चालू असताना ६ जानेवारी २००६ रोजी लागलेल्या आगीत आतले सारे जळाले, त्यामुळे आता ते बाहेरूनच पाहावे लागते. गॉस्पेल संगीताचे, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या चर्चमधल्या भक्तिसंगीताचे, जनक मानले जाणारे थॉमस अँड्र्यू डॉर्सी यांनी १९३२ पासून अनेक दशके इथल्या गायकवृंदाचे नेतृत्व केले, म्हणून दक्षिण शिकागोतल्या ब्रॉन्झव्हिल या कृष्णवर्णीय वस्तीतली माझी भटकंती मी इथूनच सुरू केली.

डॉर्सी यांचा जन्म १८९९ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या व्हिला रिका या गावी झाला. वडील फिरते धर्मोपदेशक होते आणि आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे. पण मुलाचा हात तयार झाला तो अटलांटातल्या नाट्यगृहांच्या आणि घरगुती मेजवान्यांच्या पियानोवर. दक्षिणेतून उत्तरेकडे निघालेल्या लाखो कृष्णवर्णीयांच्या स्थलांतरात तेही शिकागोला पोहोचले, १९२४ मध्ये ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या लौकिक गानप्रकारातल्या गायिका मा रेनी यांच्या वाद्यवृंदात पियानोवर बसले, आणि १९२८ मध्ये ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने गिटारवादक टँपा रेड यांच्यासह केलेल्या एका चावट गाण्याच्या तबकडीने त्यांना अमाप लोकप्रियता मिळवून दिली.

चर्चच्या भक्तिगीतांत त्यांनी हाच ब्लूजचा हात आणला. भजनात कुणी ढोलकीवर लावणीचा ठेका धरावा, तसे ते सुशिक्षित मंडळींना वाटले असणार. अनेक पाळकांनी त्यांना दारातूनच परत पाठवले. डॉर्सी ब्लूज सोडून देवाकडे वळले, असे सहसा सांगितले जाते. मला ते पटत नाही, कारण त्यांच्या गीतांतले वाकवलेले स्वर ब्लूजचेच आहेत. बदलले ते मुख्यतः शब्द.

पंचेचाळिसावा रस्ता आणि व्हिन्सेन्स अव्हेन्यूच्या कोपऱ्यावरचे एबेनेझर चर्च मात्र शाबूत आहे. इथेच १९३१ मध्ये डॉर्सी आणि गायक थिओडोर फ्राय यांनी गॉस्पेल गायकवृंद उभा केला. ही वास्तू मुळात ज्यूंचे सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, होती आणि पिलग्रिमची वास्तूही तशीच. दोन्ही घडवणाऱ्या वास्तुविशारदांत डँकमार अ‍ॅडलर हे समान नाव आहे. पिलग्रिममध्ये पूर्वी जी ज्यू मंडळी होती, तिचे रब्बी (धर्मगुरू) अ‍ॅडलर यांचे वडील होते. अ‍ॅडलर हे ध्वनिशास्त्राचे जाणकार म्हणून ख्यातनाम होते आणि शिकागोचे प्रसिद्ध ऑडिटोरियम नाट्यगृह त्यांनी व लुई सलिव्हन यांनी मिळून उभारले होते. शब्द नीट ऐकू यावेत म्हणून बांधलेल्या या सभागृहांतच सामूहिक गायनाची नवी रीत रुजली, हा योगायोग मला चर्चच्या इतिहासातल्या कोणत्याही सनावळीपेक्षा मोलाचा वाटला.

ऑगस्ट १९३२ मध्ये डॉर्सी सेंट लुईसला एका धर्मसभेसाठी गेले असताना घरी त्यांची पत्नी नेटी बाळंतपणात वारली आणि पाठोपाठ नवजात मुलगाही गेला. या दुःखातून ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ हे गीत आले. त्याची चाल एकोणिसाव्या शतकातल्या एका जुन्या स्तोत्रावरून घेतलेली आहे, आणि तरीही ते गीत संपूर्णपणे डॉर्सींचे वाटते. मार्टिन ल्यूथर किंग यांचे हे आवडते गीत; १९६८ मध्ये त्यांच्या अंत्यविधीत ते गॉस्पेल गायिका महालिया जॅक्सन यांनी गायले. याच महालियांबरोबर डॉर्सी पूर्वी गावोगावी फिरत, त्या गात आणि ते साथ करीत.

व्यवहाराची बाजूही सांगायला हवी. गीतांचे छापील कागद स्वतःच प्रकाशित करून विकण्याचा उद्योग डॉर्सींनी उभारला. पण हिशेबाची शिस्त त्याला गायिका सॅली मार्टिन यांनी लावली. या बाईंचे नाव वस्तीतल्या फलकांवर मला फारसे आढळले नाही, हे खटकले.

डॉर्सी २३ जानेवारी १९९३ रोजी शिकागोतच वारले. त्यांचे दफन आणखी दक्षिणेकडच्या ओक वुड्स दफनभूमीत झाले आहे. धावपटू जेसी ओवेन्स आणि भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांच्या समाध्याही तिथेच आहेत. आवार फार विस्तीर्ण असल्यामुळे आत शिरण्यापूर्वी समाधीची जागा विचारून घेतलेली बरी.