माघातली वारी, ओब्राकच्या पठारावर

आईला सांगितलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "दिंडी कुठली?"

म्हटलं, दिंडी नाही, एकटीच जाणार आहे. "एकटीची कसली गं वारी?" एवढं बोलून ती गप्प झाली. पुढच्या आठवड्यात मावसभाऊ लिओंला येणार होता. त्याच्या बॅगेतून तिळाच्या वड्या आणि बुक्क्याची डबी आली. आईचा होकार असाच येतो.

मी नोकरीसाठी फ्रान्समध्ये, लिओंत राहते. आळंदी ते पंढरपूर आईबरोबर दोनदा चालले आहे. इथे आल्यावर कळलं, की रेल्वेने दोन-अडीच तासांवर ल प्वी नावाचं गाव आहे आणि तिथून स्पेनमधल्या सांतियागो या ख्रिस्ती तीर्थापर्यंत दीड हजार किलोमीटरची पायी वाट जाते. इथला बिशप गोदेस्काल्क ९५० साली त्या यात्रेला निघाला. परतल्यावर गावाशेजारच्या ८५ मीटर उंच ज्वालामुखीच्या सुळक्यावर चॅपल बांधलं गेलं. २६८ पायऱ्या आहेत. मी चढले नाही, गुडघे पुढच्यासाठी राखून ठेवले.

लोक ही वाट चालतात ती वसंत ते शरद. मला सुट्टी मिळाली फेब्रुवारीत. पण पंढरीच्या चार वाऱ्यांत माघी वारीही आहेच की, असं मनाला सांगितलं आणि सहा दिवसांचा बेत केला. ल प्वी ते सें-शेली, सव्वाशेहून थोडे जास्त किलोमीटर.

ल प्वीच्या कॅथेड्रलमध्ये सकाळच्या प्रार्थनेला आठ-नऊ माणसं होती. वेदीवर काळी मेरी, बाळाला घेतलेली. जुनी मूर्ती राज्यक्रांतीत १७९४ साली जाळली, ही नंतरची. पाद्रीबाबांनी विचारलं, आज कोण चालायला निघालंय? हात एकट्या माझाच वर. माझ्या एकटीसाठी त्यांनी पूर्ण आशीर्वाद म्हटला. वारीत माउलींच्या रथामागे आपला नंबर कितवा हेसुद्धा कळत नाही आणि इथे सगळी यात्रा म्हणजे मीच. लाजल्यासारखं झालं.

पहिले दोन दिवस पायांनी कुरकुर केली आणि मी ऐकून घेतलं, बाकी सांगण्यासारखं फार नाही. झाडांवर, दगडांवर पांढऱ्या-लाल पट्ट्यांच्या खुणा असतात, त्या बघत जायचं. आलिए नदीशी मोनिस्त्रोलला उतरायचं आणि उतरलो तेवढंच पलीकडे चढायचं. उत्तरेकडून ब्युर्ल नावाचा वारा सुटतो. तो पडलेला बर्फ उचलून पुन्हा तोंडावर मारतो.

एक गोष्ट मात्र आधीच कळली होती, की हिवाळ्यात इथे वाट नाही, मुक्काम शोधावा लागतो. यात्रेकरूंच्या बहुतेक निवासांना कुलूप असतं. चार ठिकाणी फोन करावा तेव्हा एखादी बाई म्हणते, या, पण हीटर उशिरा तापतो हं.

सोग गावच्या घरमालकीणबाई अशाच. सत्तरीच्या पुढच्या. सकाळी मी बुक्का लावून खाली आले, तर त्या माझ्या कपाळाकडे बघतच राहिल्या. "आज तर बुधवार नाही." मला कळेना. मग उलगडा झाला. ईस्टरच्या आधीचा उपासाचा काळ सुरू होतो त्या बुधवारी चर्चमध्ये कपाळाला राख लावतात. बाईंना वाटलं, मी एक तर बरीच आधी लावली, नाहीतर गेल्या वर्षीची धुतलीच नाही. मी डबी पुढे केली. त्यांनी वास घेतला, पुन्हा घेतला आणि म्हणाल्या, "आमच्या राखेला असा वास नाही." मग निरोप देताना त्यांनी त्या भागातल्या श्वापदाची गोष्ट सांगितली. १७६४ ते १७६७ या तीन वर्षांत लांडग्यासारख्या कुठल्याशा जनावराने जेवोदाँ मुलखात शंभरेक माणसं मारली, त्यात बरीचशी गुरं राखणारी पोरं आणि बाया. एकटीने जंगलातून बत्तीस किलोमीटर चालणारीला निघताना हे कशाला सांगायचं, देव जाणे.

ते बत्तीस माझ्याने झालेही नाहीत. मार्जरीदच्या पाइनच्या रानात चारलाच अंधारल्यासारखं झालं आणि शेवटचे सहा किलोमीटर मी पावाच्या फिरत्या गाडीत बसून सें-आल्बाँला पोचले. ड्रायव्हरने मांडीवर ठेवायला गरम पिशवी दिली, तिच्यात पाव होते. माझी आजी दिंडीच्या ट्रकमध्ये बसणाऱ्या धडधाकट बायांना नावं ठेवायची. तिची आठवण आली आणि तरी पावाचा एक तुकडा मी खाल्लाच.

ओमों गावाच्या पुढे झाडं संपतात. ओब्राकचं पठार म्हणजे नुसती उघडी कुरणं, ग्रॅनाइटचे धोंडे, दगडांचे बांध आणि कुंपणाच्या तारा. उन्हाळ्यात इथे डोळ्यांत काजळ घातल्यासारख्या गव्हाळ गाई चरतात. मेअखेरीला त्या वर येतात आणि शरदात खाली जातात. फेब्रुवारीत गाय नाही, घंटा नाही, काही नाही. पाचव्या दिवशी नास्बिनालला पोचले ती माघी एकादशी.

आणि तिथल्या घरमालकीणबाईंनी केला होता आलिगो. उकडलेला बटाटा घोटायचा, त्यात ताजं चीज, लोणी, साय घालून लाकडी पळीने वर ओढत राहायचं, हातभर तार निघेपर्यंत. ओब्राकचे साधू यात्रेकरूंना हेच वाढत म्हणतात, तेव्हा बटाट्याच्या जागी पाव असायचा. बटाटा उपासाला चालतो, दूधदुभतं चालतं. मी पानावर बसणार, तेवढ्यात वास आला. आईला फोन लावला. तिकडे साडेअकरा वाजले होते, पण एकादशीचं जागरण, मागे टाळ ऐकू येत होते.

"लसूण घातलाय का?"

"घातलाय."

"मग आज नको. उद्या बारशीला खा."

बाईंना हे समजावायला माझं सगळं फ्रेंच खर्ची पडलं. देव बटाट्याला हो म्हणतो आणि लसणीला नाही, हे त्यांनी दोनदा वदवून घेतलं. आलिगो उद्यासाठी ठेवता येईल का विचारलं, तर म्हणाल्या, "थंड आलिगो म्हणजे सिमेंट." मग त्यांनी मला दोन बटाटे मीठ-लोण्याशी दिले आणि परातीतला सगळा आलिगो नवऱ्याच्या पानात ओतला. झोपायला जाताना बजावलं, "उद्या कुरणातून जाऊ नका. डांबरी रस्ता धरा."

मी कुरणातून गेले. पायवाट तीच खरी, रस्त्याने काय कोणीही जाईल, असा माज होता. त्यातून बर्फावर ताजी पावलं दिसली, बुटांची, आणि शेजारी कुत्र्याची. पुढे कोणीतरी यात्रेकरू आहे या आनंदात तासभर त्या पावलांत पाऊल टाकत गेले. धुकं उतरलं. पट्ट्यांच्या खुणा बर्फाखाली. पावलं एका दगडी झोपडीपाशी गेली. पूर्वी उन्हाळ्यात गवळी जिथे चीज करायचे तसली, कुलूपबंद. झोपडीला एक वळसा घालून ती आल्या वाटेने परत. छप्पर बघायला आलेला मालक असणार.

गुडघाभर बर्फ, आणि पांढऱ्यात पांढरं. भिंतीच्या आडोशाला बसून तिळाची वडी खाल्ली. ती इतकी कडक झाली होती की दाढ सांभाळावी लागली. विठ्ठल विठ्ठल म्हटलं का? म्हटलं. भीतीने म्हटलं, भक्तीने नाही. मग डावीकडून खरखर ऐकू आली, तवा खरवडावा तशी. रस्त्यावरचा बर्फ ढकलणारी गाडी. दगडी बांधाला हात लावून त्या आवाजाच्या दिशेने चालत सुटले. बर्फात रस्ता कळावा म्हणून कडेला रोवलेल्या काठ्या दिसल्या, तेव्हा एकेका काठीला हात लावून मोजत गेले.

तेराशे मीटर उंचीवरच्या ओब्राक गावात साताठ इमारती असतील. बाराव्या शतकात इथे यात्रेकरूंसाठी मठ आणि इस्पितळ उभं राहिलं. धुक्यात, हिमवादळात इथली घंटा वाजवत राहायचे, आवाजाच्या रोखाने माणूस यावा म्हणून. हरवलेल्यांची घंटा असंच तिचं नाव. तिच्यावरच्या लॅटिन ओळीत इतर कामांबरोबर हेही काम कोरलेलं होतं, की भरकटलेल्यांना परत बोलाव. चर्चच्या दारात उभी राहून मी बूट झटकले. आत कोणी नव्हतं.

तिथून आठ किलोमीटर उतार. सें-शेलीच्या घराची बेल वाजवली तेव्हा पाच वाजून गेले होते. दार उघडणाऱ्या बाईंनी माझं नावही विचारलं नाही. आत वळून फोन उचलला आणि म्हणाल्या, "आली. हो, ओली आहे, पण धड आहे." नास्बिनालहून दुपारपासून तिसरा फोन होता तो. मग रिसीव्हरवर हात ठेवून त्यांनी मला विचारलं,

"लसूण आज चालतो ना? तिने मला निक्षून विचारायला सांगितलंय."