लंडनच्या नळाचं पाणी आणि पिवळा पडणारा कढीपत्ता

लंडनमध्ये कुंडीतल्या कढीपत्त्याची पानं पिवळी पडली की घरून फोनवर पहिला सल्ला येतो, ‘आंबट ताक घाल.’ आधी पानं नीट बघा. खालची जुनी पानं पिवळी असतील तर बहुधा नत्र कमी पडलंय. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर झाडाला लोह मिळत नाहीये. बहुतेकदा मातीत लोह असतं, पण नळाच्या पाण्यानं माती अल्कधर्मी झाल्यामुळे मुळांना ते घेता येत नाही.

लंडनला येणारं बरंचसं पाणी खडूच्या आणि चुनखडीच्या खडकांतून झिरपलेलं असतं. त्याचा जडपणा, म्हणजे विरघळलेला चुना, लिटरला साधारण 250 ते 300 मिलिग्रॅम. पीएच (आंबटपणाचं माप: 7 म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, वर अल्क) साडेसात ते आठच्या आसपास. कढीपत्त्याला 6 ते 6.5 मानवतो. पण खरा अडथळा आकड्यापेक्षा पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटचा आहे. घातलेलं आम्ल आधी त्यातच खर्ची पडतं, म्हणून लिटरभर पाण्यात दोन थेंब लिंबू पिळून काही होत नाही.

पीएच तिथवर आणायला पाच लिटर पाण्याला 5 टक्क्यांचं साधं व्हिनेगर 20 मिलिलिटरच्या आसपास लागतं. 15 पासून सुरुवात करा. व्हिनेगर नसेल तर पाव चमचा सायट्रिक आम्ल, म्हणजे सव्वा ग्रॅमच्या जवळपास. ढवळून अर्धा तास ठेवा आणि मगच पीएचच्या पट्टीनं मोजा. लगेच मोजलं तर विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खऱ्यापेक्षा कमी दिसतो.

पट्ट्या नसतील तर लाल कोबीचा रस चालतो. अशा पाण्यात तो निळा होतो, आम्ल पुरेसं झालं की जांभळा, आणि गुलाबीकडे झुकला तर जास्त झालं. कोबी मात्र पावसाच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात उकळा, नळाच्या पाण्यात रस आधीच निळा होऊन बसतो. हळद इथे कामाची नाही, ती लाल होते ते पीएच बराच वर गेल्यावर.

आता यातली मेख. व्हिनेगर, लिंबू, ताक, सगळी सेंद्रिय आम्लं. मातीतले जिवाणू ती खाऊन टाकतात आणि बायकार्बोनेट परत येतं. त्यामुळे हा उपाय पाण्यापुरता, प्रत्येक पाण्याला करायचा. माती एकदाच आंबट करून मोकळं होता येत नाही. ताकाचंही तेच, शिवाय बंद खोलीत वास येतो आणि कुंडीवर चिलटं घोंगावतात. गॅलरी असेल तर दहापट पाणी घालून खुशाल वापरा.

याहून सोपं म्हणजे पावसाचं पाणी. तेही नसेल तर नळाचं पाणी पाच-दहा मिनिटं खळखळून उकळा, गार करा, तळाचा पांढरा गाळ सोडून वरचं ओता. पट्टी कदाचित पीएच वाढलेला दाखवेल, पण बायकार्बोनेट बरंचसं गाळात गेलेलं असतं. कुंडी बदलताना एरिकेशस कंपोस्ट (आम्लधर्मी माती आवडणाऱ्या झाडांसाठीचं) मिसळा. पानं फार पिवळी असतील तर चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, द्या.

खायचा सोडा नको, तो पीएच वाढवतो आणि सोडियमही घालतो. राख आणि अंड्याची टरफलंही उलट दिशेची. वापरलेली कॉफी जवळजवळ उदासीन असते, तिच्याकडून आम्लाची अपेक्षा नको. मिठावर चालणाऱ्या सॉफ्टनरचं (पाण्याचा जडपणा काढणाऱ्या यंत्राचं) पाणी कुंडीत घालूच नका: कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं, बायकार्बोनेट तसंच राहतं.

ग्लासगोत यातलं काहीच करू नका. तिथलं पाणी लॉख कॅट्रिन तळ्याचं, मुळातच मऊ. लंडनचा डोस त्यात घातला तर पीएच चारच्या खाली जाऊन मुळं भाजतील. म्हणून आधी आपल्या भागातल्या पाण्याचा जडपणा पाणी कंपनीच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

हिवाळ्यात गार खिडकीत पानं पिवळी पडून गळतात ती थंडीनं. तेव्हा व्हिनेगर बंद, पाणीही कमी.

पुण्यात बोअरच्या पाण्यानं कुंडीच्या कडेला पांढरा थर येतो, तोही बहुधा चुन्याचाच. मात्र बोअरच्या पाण्यात क्षारही जास्त असतील तर व्हिनेगरनं ते जात नाहीत.