धरणाची फेरी, नोंद नववी: टायरचा आवाज ऐकायला शिकले

काल नववी फेरी झाली मंडळी. ३६ किलोमीटर, २ तास १७ मिनिटं, आणि पहिल्यांदाच एकाही चढावर उतरून सायकल ढकलावी लागली नाही. पहिल्या फेरीला २ तास ५८ मिनिटं लागली होती आणि तीन चढ पायी चढले होते, म्हणजे फरक चांगला ४१ मिनिटांचा आहे. पण या मधल्या काळात माझा दम फार वाढलाय असं मला वाटत नाही, हार्टरेट जवळपास तेवढाच दिसतोय. बदललं ते वेगळंच, तेच लिहून ठेवतेय.

नवीन लोकांसाठी आधी रस्त्याचं सांगते. डोंगरातल्या धरणाच्या जलाशयाला पूर्ण वळसा घालणारा देखभालीचा कच्चा रस्ता आहे, दोन्ही टोकांना अडसर लावलेले, गाड्यांना बंदी, सायकल आणि चालणाऱ्यांना परवानगी. धरणाच्या भिंतीजवळ चार-पाच किलोमीटर छान दाबून बसलेला मुरूम, मग उन्हाकडच्या बाजूला सुटी खडी, पार वर फुगवट्याच्या टोकाला जिथे नदी आत येते तिथे दगडगोटे, आणि परत येताना सावलीकडची बाजू जी कधीच पूर्ण वाळत नाही.

पाण्याच्या कडेनं रस्ता म्हणजे सपाट असणार असं वाटतं ना, मलाही वाटलं होतं. पण जलाशय म्हणजे बुडालेलं खोरं, त्यामुळे प्रत्येक ओढ्याच्या जागी पाणी डोंगरात आत घुसलेलं असतं, रस्ता डोंगराच्या सोंडेवर चढतो, पलीकडे मोरीपर्यंत उतरतो, ओढा ओलांडतो की लगेच पुढची सोंड. असं चौदा वेळा. एका फेरीत साधारण ४१० मीटर चढाई भरते आणि त्यातला एकही चढ लांब नाही, सगळे छोटे आणि खडे. इंग्लंडच्या उत्तरेला किल्डर वॉटर म्हणून मोठा जलाशय आहे, त्याच्याभोवती लेकसाइड वे नावाचा ४२ किलोमीटरचा मार्ग आहे, त्याचा नकाशा काढून बघा, काठ कसा बोटाबोटांसारखा आत-बाहेर जातो ते लगेच कळेल.

तर पहिल्या तीन फेऱ्या मी ७०० बाय ४० च्या (म्हणजे ४० मिलिमीटर रुंद) टायरमध्ये ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरून मारल्या, कारण रोडबाईकवरून आलेय आणि कडक टायर म्हणजे वेग हे डोक्यात पक्कं बसलेलं. खडीवर सायकल नुसती उड्या मारत होती, हात बधिर व्हायचे, उतारावर ब्रेक सोडायची हिंमत होत नव्हती. दादा मागून सारखा ओरडायचा, "अगं हात सैल सोड, हॅन्डल आवळून धरू नकोस!" पण सैल सोडणार कसे, पुढचं चाक कुठे जाईल त्याचा भरवसाच नव्हता.

चौथ्या फेरीपासून ठरवलं की दर वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तेच. चौथीला ३८ पीएसआय, पाचवीला पुढे ३० मागे ३३. मागच्या चाकावर वजन जास्त येतं म्हणून तिथे दोन-तीन पीएसआय जास्त. माझं वजन ६२ किलो, सायकल आणि बॅग धरून अजून १२, तुमचं वजन वेगळं असेल तर हे आकडे उचलू नका, पण दिशा खालच्याच बाजूला आहे एवढं नक्की. कडक टायर प्रत्येक खड्यावर चढतो आणि तुम्हाला सायकलसकट वर उचलतो, ती उचलायची ताकद तुमच्याच पायातून जाते, मऊ टायर खड्याभोवती दबतो आणि पुढे सरकतो. एवढा एकच बदल, आणि पाचवी फेरी चौथीपेक्षा ११ मिनिटांनी लवकर झाली.

सहावीला लोभ सुटला आणि २६ पर्यंत उतरले. फुगवट्याच्या टोकाला दगडांत "टक" असा आवाज आला, रिम थेट दगडाला लागली. आत ट्यूब असती तर रिम आणि दगडामध्ये चेंगरून शेजारी शेजारी दोन भोकं पडली असती, तसं पंक्चर तिसऱ्या फेरीला झालं होतं, तेही ५० पीएसआयवर, कारण तेव्हा मी वेगात सरळ मोरीच्या कडेवर आदळले होते. आता ट्यूबलेस आहे, म्हणजे टायरच्या आत ट्यूबच नाही, म्हणून वाचले. रिम तपासली, काही झालं नव्हतं, परत ३० आणि ३३ वर आले आणि तिथेच थांबलेय. ट्यूबलेसवाल्यांनो सीलंट, म्हणजे बारीक भोकं बुजवणारं टायरमधलं द्रव, आतल्या आत वाळतं हे विसरू नका, दोन-तीन महिन्यांनी व्हॉल्व्हमधून बघायचं, चाक हलवल्यावर आत काही हिंदकळलं नाही तर संपलंय.

पण तो "टक" कामाचा ठरला. त्यानंतर मी आवाजाकडे लक्ष द्यायला लागले, आणि या रस्त्यावर ते जमतं कारण इथे दुसरा आवाजच नाही. गाड्यांच्या रस्त्यावर आपले कान कायम मागे लावलेले असतात, काय येतंय, किती जवळ आलंय, खांदे त्यामुळेच आवळलेले असतात हे मला इथे येईपर्यंत कळलंच नव्हतं. इथे कान मोकळे होतात. मुरमावर टायर गुणगुणल्यासारखा एकसारखा वाजतो. खडी सुटी झाली की करकर सुरू होते, आणि ती करकर मोठी झाली की समजायचं चाक वरच्या थरावर तरंगतंय, आता वळायचं नाही, ब्रेकही हलकेच. बारीक वाळू आली की आवाज एकदम दबतो, सूं असा, तिथे पुढचं चाक रुततं, वजन मागे घ्यायचं आणि पायडल थांबवायचं नाही. सगळ्यात फसवी ती शांतता, सावलीकडच्या बाजूला ओल्या पानांवर टायर जवळजवळ वाजतच नाही, आणि तिथेच घसरायला होतं. मी आता इयरफोन घरीच ठेवते.

रेषा निवडणंही, म्हणजे रस्त्याच्या कुठल्या भागातून चाक न्यायचं तेही, याच्यातूनच सुधारलं. देखभालीची गाडी अधूनमधून फिरते तिच्या दोन चाकोऱ्या पडल्यात, त्या दाबून कडक झाल्यात आणि सगळी सुटी खडी मधल्या पट्ट्यात आणि वळणांच्या बाहेरच्या कडेला जाऊन साचलीय. चाकोरीत राहा, बदलायचीच असेल तर सरळ रस्त्यावर, सायकल उभी असताना मधला पट्टा ओलांडा, झुकलेल्या सायकलवर कधीच नाही. वेग वळणाच्या आधी कमी करायचा. मी नेमकं उलटं करायचे, वळणात शिरले की घाबरून ब्रेक.

आणि एक, गाड्या नसल्याचा फायदा फक्त शांततेचा नाही. कच्च्या रस्त्यांवर त्या आडव्या लाटा पडतात ना, वॉशबोर्ड म्हणतो आपण, त्या चाकांमुळेच पडतात. ठराविक वेगाच्या वर चाक एखाद्या उंचवट्यावरून उडतं, पुढे आपटतं, तिथली माती खणून पुढे ढकलते, मग तिथे नवा उंचवटा, असं वाढत जातं. हळू चाललं तर लाटा बनतच नाहीत. आमच्या फेरीत गाडी क्वचित आणि सावकाश जाते म्हणून अख्ख्या ३६ किलोमीटरमध्ये लाटा फक्त एका जागी आहेत, पहिल्या अडसराजवळच्या सरळ पट्ट्यात, जेमतेम ६० मीटर.

चढांचं गणित सातव्या फेरीत सुटलं. माझ्याकडे पुढे ४६ आणि ३० दात्यांच्या दोन चकत्या आणि मागे ११ ते ३४ दात्यांच्या, म्हणजे सगळ्यात हलक्या गिअरला पायडलच्या एका फेरीत सायकल साधारण १.९ मीटर पुढे जाते, मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर ताशी ७ किलोमीटरच्या आसपास. एवढ्यात तोल राहतो. मी चढ आला की उभी राहायचे, उभं राहिलं की मागच्या चाकावरचं वजन जातं आणि चाक जागेवरच फिरतं, मग उतरा आणि ढकला. आता बसूनच, सीटच्या टोकावर सरकून, कोपरं खाली, छाती हॅन्डलकडे, आणि गिअर चढ सुरू व्हायच्या आधी, मोरीवरच, टाकून ठेवते. चढात जोर लावलेला असताना गिअर बदलला की चेन कुरकुरते.

आठवीला दिशा उलटी केली. चढाई तेवढीच पण खड्या बाजू उतार झाल्या आणि उतार चढ झाले, म्हणजे नवीनच रस्ता. वाऱ्याचाही हिशोब कळला, पहाटे डोंगरावरची गार हवा खोऱ्यातून खाली धरणाकडे वाहते, ऊन तापलं की उलटी वर फिरते. त्यामुळे लवकर निघून आधी फुगवट्याकडे जायचं, पाय ताजे असताना समोरून वारा खायचा, परत येईपर्यंत तो पडलेला असतो. उशीर झाला की भिंतीकडून दुपारचा वारा समोर येतो, उघड्या पाण्यावर त्याला अडवायला काहीच नसतं.

आठवीलाच एक गंमत दिसली. सायकलवरच्या कॉम्प्युटरनं शेवटी सुरुवातीच्या जागेची उंची ११ मीटर जास्त दाखवली. जागा तीच, अडसर तोच. बॅरोमीटरवाल्या कॉम्प्युटरला उंची कळते ती हवेच्या दाबावरून, १ हेक्टोपास्कल दाब कमी झाला की तो साधारण ८ मीटर वर चढलो असं समजतो. म्हणजे फेरीच्या दोन-अडीच तासांत दाब उतरला होता, आणि खरंच संध्याकाळी पाऊस आला. जलाशयाला फेरी मारताना हे तपासणं सोपं आहे, पाण्याची पातळी सगळीकडे सारखीच असते, काठाला जिथे जिथे टेकाल तिथे आकडा सारखा आला पाहिजे.

एक कळकळीची विनंती. सध्या पाणी उतरलंय आणि ओढ्यांच्या तोंडाशी तळ उघडा पडलाय, वरून तडे गेलेला, कडक दिसणारा. दोन किलोमीटरचा वळसा वाचवून दोनशे मीटरमध्ये पलीकडे जाता येईल असं वाटतं. जाऊ नका. वरची खपली दोन-तीन इंचांची आहे, खाली गाळ, दादाचं पुढचं चाक काठापासून पाच पावलांवरच हबपर्यंत गेलं, आणि दोघांनी मिळून ओढायला अर्धा तास लागला. सायकल गेली तर गेली, पण पाय अडकला असता तर.

आणि गाड्या नाहीत म्हणजे रस्ता रिकामा नाही. प्रत्येक सोंडेचं वळण आंधळं आहे, पलीकडून चालणारी माणसं येतात, त्यांना आपण ऐकूच येत नाही. मी प्रत्येक सोंडेवर बेल वाजवते, चौदाच्या चौदा वेळा.

दहावीसाठी बदल एकच, पुढे ४५ चा टायर. फोर्कमध्ये मोजून बघितलं, दोन्ही बाजूंना ७ मिलिमीटर जागा उरतेय. प्रेशर २८ पासून सुरू करेन. फुगवट्याच्या दगडांत कसा वाजतो ते ऐकून पुढचा आकडा इथेच टाकते.